बंदरापासून बागपर्यंत

माळव्यातील मराठी संस्थानांविषयी आपल्याकडे जे लेखन झाले त्यात राजवंश आहेत, लढाया आहेत, तहनामे आणि दानपत्रे आहेत. परंतु राजवाड्याच्या दारात आलेले एखादे खोके कोणत्या वाटेने आले, वाटेत किती दिवस कोठे पडून राहिले आणि उघडले तेव्हा आत काय शिल्लक होते, याकडे आपले लक्ष क्वचितच गेले आहे. आम्हांस हा विषय किरकोळ वाटत नाही. परदेशातून मोटार मागविणे ही गोष्ट एके काळी संस्थानिकांच्या हौसेची होती. पुढे ती परदेशी राहून परतणाऱ्या सामान्य गृहस्थाच्या आवाक्यात आली. माणसे बदलली, कायदे बदलले. मात्र विलंब आणि नुकसान हे दोन सोबती या प्रवासात आरंभापासून आहेत. या दोहोंचा परस्परसंबंध काय आणि त्यांची किंमत अखेरीस कोण मोजतो, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात आम्ही घेतला आहे.

आरंभ वाटेपासूनच करणे योग्य. धार आणि देवास ही पवारांची संस्थाने. त्यांपैकी देवासच्या थोरली व धाकटी पाती अशा दोन शाखा, आणि एकाच गावात त्यांचे दोन दरबार. धारच्या नैर्ऋत्येस सुमारे शंभर किलोमीटरवर बाग हे गाव. तेथील बौद्ध लेणी आणि भित्तिचित्रे जगप्रसिद्ध आहेत. आज बाग धार जिल्ह्यात असले तरी संस्थानी काळात ते शिंद्यांच्या ग्वाल्हेर राज्याच्या अमझेरा भागात मोडत होते. 1921 मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर हे चित्रकार येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी आले, आणि 1927 मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने लेण्यांवरील ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या काळी मुंबईहून बागला जाणाऱ्याने महू स्थानकावर उतरावे, तेथून धार आणि पुढे अमझेरा, टांडा असा सडकेचा प्रवास करावा, ही सोयीची वाट होती. महू ते बाग हे अंतर नव्वद मैलांच्या आसपास. जी वाट माणसाची, तीच मालाची. मुंबई बंदरात उतरलेल्या वस्तूचा माळव्यातील प्रवास बंदरात संपत नसे. तेथे तो खऱ्या अर्थाने सुरू होई.

हा प्रवास डोळ्यांसमोर आणावा. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यापासून विलायतेहून मुंबईचे अंतर पुष्कळ घटले होते. मुंबईत 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक सुरू झाले. मोटार बहुधा लाकडी खोक्यातून येई. ती याऱ्यांच्या साहाय्याने धक्क्यावर उतरे, मग वखारीत जाई, मग जकातीचे कागद पुरे होईपर्यंत तेथे थांबे. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या ब्रॉडगेज मार्गाने थळ घाट चढून भुसावळमार्गे खांडवा. हे अंतर सुमारे साडेतीनशे मैलांचे. खांडव्यास रुळांची रुंदीच बदलत असे. तेथून इंदूरकडे जाणारा मार्ग मीटरगेजचा होता. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले, त्यातून तो उभा राहिला. म्हणून खांडव्याच्या फलाटावर प्रत्येक खोके एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवावे लागे. मग मोरटक्क्याचा नर्मदेवरील पूल, मग कालाकुंड ते पातालपाणी हा चाळीस फुटांस एक फूट चढणारा घाट, आणि अखेर महू किंवा इंदूर. धारला रेल्वे नव्हती. महूपासून तेहेतीस मैल सडकेने जावे लागे. देवासही इंदूरपासून तेवीस मैल दूर होते.

या वाटेत वस्तूचे हात किती वेळा बदलले हे मोजले तर वाचकांस आमचा मुद्दा सहज कळेल. जहाज, गोदी, वखार, ब्रॉडगेजचा डबा, मीटरगेजचा डबा, आणि शेवटी सडक. खोके मात्र सर्व वाटभर बंदच. बाहेरून शाबूत दिसणाऱ्या खोक्यात आत काय झाले आहे हे कोणी पाहत नसे, आणि पाहण्याची कोणास गरजही वाटत नसे.

समुद्राच्या धोक्याविषयी पुष्कळ बोलले जाते आणि तो धोका खरा आहे. 30 डिसेंबर 1915 रोजी मुंबईकडे निघालेले ‘पर्शिया’ हे जहाज भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने बुडविले. शेकडो माणसे मेली. त्या जहाजावर लॉर्ड माँटेग्यू हे इंग्लंडमधील मोटारवाहतुकीचे मोठे पुरस्कर्ते होते. हिंदुस्थान सरकारला मोटारवाहतुकीबाबत सल्ला देण्यासाठी ते येत होते, आणि सुदैवाने ते वाचले. मोटारयुगाचा प्रचारकच अशा रीतीने वाटेत बुडता बुडता राहिला. तथापि अशा घटना ठळक असतात म्हणूनच लक्षात राहतात. जहाज बुडाले तर कोणाचे काय गेले हे स्पष्ट असते, विम्याचे कागद असतात, दावा करता येतो. जे नुकसान हळूहळू, कोणाचाही डोळा नसताना, वखारीच्या कोपऱ्यात किंवा स्थानकाच्या आवारात होते त्याचा इतिहास कोणी लिहीत नाही.

आणि हेच नुकसान अधिक असे. त्या काळच्या मोटारीच्या बांध्यात लाकडाचा वापर बराच होता. विलायतेच्या दमट हवेत जुळविलेले सांधे मुंबईच्या पावसाळ्यात फुगत आणि माळव्याच्या वैशाखात आक्रसत. रबराचे टायर उष्णतेने कडक होऊन त्यांना चिरा पडत. शिशाच्या पट्ट्यांची विजेची बॅटरी महिनोन् महिने न वापरता राहिली तर तिच्यावर क्षारांचा थर बसून ती निकामी होते. तिला कोणी धक्का लावण्याची गरज नसते, नुसते वाट पाहणे पुरेसे असते. न झाकलेल्या लोखंडावर खारी हवा आपले काम करते. थोडक्यात, विलंब हा नुकसानीच्या शेजारी उभा असलेला वेगळा दोष नसून नुकसानीचे ते एक साधन आहे.

कायद्याने मात्र या दोहोंत भिंत उभारली. इंग्लंडच्या 1906 च्या सागरी विमा कायद्यात, आणि त्याच धर्तीवर झालेल्या आपल्या 1963 च्या कायद्यात, असे तत्त्व आहे की करारात वेगळे ठरलेले नसेल तर विलंबामुळे झालेल्या नुकसानीस विमा उतरविणारा जबाबदार नाही. मग तो विलंब विम्यात अंतर्भूत असलेल्या संकटामुळे घडलेला का असेना. जहाजवाल्यांच्या जबाबदारीचे जे नियम 1924 मध्ये ब्रुसेल्स येथे ठरले, त्यांनुसार वरकरणी न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल ताब्यात घेतल्यापासून तीन दिवसांत द्यावयाची. न दिल्यास माल ठीक मिळाला असे गृहीत धरले जाते, आणि ते खोटे ठरविण्याचा भार माल घेणाऱ्यावर पडतो. वर्षभरात दावा न केल्यास तोही हक्क जातो. आता माळव्याच्या दृष्टीने याचा अर्थ पाहा. माल ताब्यात घेणारा मुंबईचा क्लिअरिंग एजंट. खोके उघडले जाणार देवासला किंवा धारला. तीन दिवसांत ते खांडव्यापर्यंत तरी पोचले असेल की नाही याची शंका. रेल्वेकडे जावे तर 1890 च्या रेल्वे कायद्याने मालकाच्या जोखमीवर माल नेण्याची सवलत कंपन्यांना दिलेली होती; कमी भाड्याच्या मोहाने माल पाठविणारा तशा कागदावर सही करून मोकळा होई. प्रत्येकाची जबाबदारी दुसऱ्याच्या दारात संपत असे, आणि शेवटच्या दारात उभा असलेल्या मालकाला मागे वळून बोट दाखविण्यास कोणीच उरत नसे.

या सर्वांचा प्रत्यक्ष पुरावा देवासच्या थोरल्या पातीत सापडतो, आणि तो एका इंग्रज लेखकाच्या हातचा आहे. ई. एम. फॉर्स्टर हे प्रथम 1912 च्या अखेरीस देवासला आले. नंतर 1921 मध्ये महाराज तिसरे तुकोजीराव पवार यांचे खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. त्या मुक्कामातील पत्रे त्यांनी 1953 मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध केली. वाचन-लेखनाच्या कामाऐवजी त्यांच्याकडे बागा, टेनिसची मैदाने, मोटारी, अतिथिगृह आणि वीजघर यांची देखरेख आली. त्यांनी जे पाहिले ते मन विषण्ण करणारे आहे. नवा राजवाडा बांधून पुरा झालेला नव्हता, आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेले त्याचे भाग पडू लागले होते. पियानो नवे कोरे, पण कोरड्या हवेने त्यांच्या चौकटी तडकलेल्या आणि पट्ट्या अडकलेल्या. एकही वाजण्यासारखा नव्हता. बैठकीच्या खुर्च्या नव्याच, परंतु त्यांच्या पोटातील भरणा बाहेर आलेला.

येथे एक गोष्ट आम्हांस नमूद करावीशी वाटते. फॉर्स्टर यांना तुकोजीरावांविषयी नितांत प्रेम होते. त्यांच्या लेखनात उपहास आहे, तसा जिव्हाळाही आहे. त्यामुळे परक्याने केलेली निंदा म्हणून हा पुरावा बाजूस सारता येणार नाही. तसेच केवळ महाराजांच्या उधळेपणावर सर्व दोष टाकणेही आम्हांस न्याय्य वाटत नाही. वस्तू मागविण्याची यंत्रणा होती, पैसे पाठविण्याची होती. ती आल्यावर उघडून पाहणारा, तिला तेलपाणी करणारा, तुटलेला भाग कोठून मिळेल हे जाणणारा माणूस नव्हता. एखादा सुटा भाग हवा असला तर पुन्हा तीच वाट: विलायत, सुएझ, मुंबई, खांडवा. एका लहानशा भागासाठी सबंध मोटार महिनोन् महिने उभी राही, आणि उभी राहिल्याने तिचे दुसरे भाग बिघडत.

किंमत कोणी मोजली? थोरल्या पातीचा मुख्य आधार शेतसारा होता. म्हणजे खोक्यात तडकलेल्या पियानोचे पैसे अखेर माळव्याच्या काळ्या जमिनीत ज्वारी आणि कापूस पिकविणाऱ्या रयतेने दिले. योगायोग असा की तुकोजीरावांचे एके काळचे शिक्षक माल्कम डार्लिंग हे पुढे पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जावरील 1925 च्या ग्रंथामुळे नावाजले गेले. त्यांच्या शिष्याच्या राज्याची आर्थिक घडी मात्र विस्कटत गेली. 1933 च्या अखेरीस तुकोजीराव देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीस गेले आणि 1937 मध्ये तेथेच वारले. राज्य बुडाले ते आयात केलेल्या वस्तूंमुळे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. परंतु ज्या बेहिशेबी कारभाराने ते बुडाले त्याची पहिली लक्षणे फॉर्स्टर यांना गोदामात दिसली होती.

शेजारच्या इंदुरात यशवंतराव होळकर यांनी जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियुस यांच्याकडून 1930 नंतर माणिकबाग हा राजवाडा सिद्ध करविला. त्याचे सामानसुमान युरोपातून आले. त्यांच्या ड्यूझेनबर्ग मोटारीचा सांगाडा अमेरिकेचा आणि वरचा बांधा लंडनच्या कारागिरांचा. येथे वस्तू निवडणाऱ्याची दृष्टी चोखंदळ होती आणि जपणूकही बरी झाली. तरीही 1980 मध्ये त्या राजवाड्यातील पुष्कळ वस्तूंचा लिलाव मोनॅको येथे झाला आणि त्या पुन्हा समुद्रापार गेल्या. पुढे माणिकबागेत सीमाशुल्क आणि उत्पादनशुल्क खात्याचे कार्यालय आले. ज्या वाड्यात परदेशी वस्तू मुक्तपणे आल्या, तेथेच परदेशी वस्तूंवरील कराचे हिशेब होऊ लागले. इतिहासाचा हा विनोद माळव्याबाहेर फारसा कोणास ठाऊक नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. परकीय चलनाच्या टंचाईमुळे मोटारींची आयात जवळजवळ बंद झाली. जुनी मोटार आणण्याचा मार्ग मुख्यतः परदेशी राहून कायमचे परतणाऱ्यांस आणि परदेशी वकिलातींस मोकळा राहिला. जागतिक व्यापार संघटनेतील वादानंतर भारताने आयातीवरील संख्यात्मक निर्बंध दोन टप्प्यांत उठविले, आणि 1 एप्रिल 2001 पासून वापरलेल्या मोटारींची आयात सर्वांस खुली झाली. पण ती किती अटींवर! गाडी तीन वर्षांहून जुनी नसावी. सुकाणू उजवीकडे असावे. ती आणखी पाच वर्षे रस्त्यावर चालण्यायोग्य असल्याचे प्रमाणपत्र असावे. ती केवळ मुंबई बंदरातूनच यावी. आणि सोडविण्यापूर्वी तिची चाचणी पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, नगरची संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, किंवा मध्य प्रदेशातील बुदनीची कृषियंत्र संस्था यांपैकी एकीकडून व्हावी. मूळ सीमाशुल्क 105 टक्के आणि इतर कर मिळून बोजा सुमारे 180 टक्क्यांवर गेला. दार उघडले, परंतु उंबरठा उंच केला.

या अटींमागील हेतू समजण्यासारखा आहे. परदेशात टाकाऊ ठरलेल्या गाड्यांचे भारत हे कोठार होऊ नये आणि देशी उद्योगास धक्का बसू नये, ही भीती निराधार नव्हती. परंतु मालाच्या वाटेचा विचार करता तेच जुने दृश्य पुन्हा दिसते. गाडी बंदरात उतरली; कागद एका टेबलावर, चाचणी दुसऱ्या गावी, शुल्काचे मूल्यांकन तिसऱ्याकडे. तोवर ती गोदीत उभी, आणि तिच्यावर डेमरेज चढत असते. जुन्या गाडीचे मूल्य काढताना तिमाहीच्या हिशेबाने घसारा वजा करतात. पण गोदीत उभे राहून बॅटरी मेली, ब्रेकला गंज धरला, उंदरांनी तारा कुरतडल्या, याचा घसारा कोणत्याच कोष्टकात बसत नाही.

वापरलेल्या गाडीची एक विशेष अडचण अशी की तिचे नुकसान सिद्ध करणे कठीण. नव्या वस्तूवर ओरखडा दिसला तर तो वाटेतच झाला हे उघड असते. जुन्या वस्तूवरील ओरखडा ‘आधीचाच’ असे म्हणण्यास जहाजवाला आणि विमेवाला दोघेही मोकळे असतात. आणि वापरलेल्या गाड्यांच्या विम्यातून गंज, ओरखडे, पोचे हे बहुधा आधीच वगळलेले असतात. म्हणून निघताना गाडी कशी होती याची छायाचित्रांसह, दोन्ही पक्षांच्या सह्यांची नोंद, आणि ताब्यात घेण्यापूर्वी सर्वेक्षकासमोर तपासणी, या दोन गोष्टींवर सर्व काही अवलंबून असते. देवासच्या दरबारात 1921 मध्ये हेच नव्हते: निघताना काय होते आणि पोचले तेव्हा काय होते, याची एका कागदावर नोंद. परतणारे कुटुंब मराठी असो वा अन्य कोणी, पैसा आता रयतेचा नसून स्वतःच्या कष्टाचा असतो, एवढाच फरक.

समुद्राचे भयही संपलेले नाही. फेब्रुवारी 2022 मध्ये सुमारे चार हजार मोटारी घेऊन अमेरिकेकडे निघालेल्या ‘फेलिसिटी एस’ या जहाजास अझोर बेटांजवळ आग लागली आणि पुढे ते बुडाले. नोव्हेंबर 2023 मध्ये गुजरातमधील पिपावाव बंदराकडे येणारे ‘गॅलेक्सी लीडर’ हे मोटारवाहू जहाज तांबड्या समुद्रात हुथी बंडखोरांनी पकडले. नंतर कित्येक जहाजांनी सुएझची वाट सोडून आफ्रिकेला वळसा घातला. एका शतकापूर्वी पाणबुडी होती, आता क्षेपणास्त्र आहे. तरीही आमचे मत तेच: मोठ्या संकटांची दखल जग घेते, लहान विलंबांची घेत नाही.

या कथेला दुसरी बाजूही आहे. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची मेबॅक मोटार आजही दसऱ्याच्या सोहळ्यात बाहेर पडते. तीही समुद्रापार करूनच आली, तिचेही सुटे भाग येथे मिळत नव्हते. ती टिकली, कारण तिला दरवर्षी निघावयाचे असते, आणि त्यासाठी वर्षभर कोणी तरी तिच्याकडे पाहतो. विशेष म्हणजे 1947 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेले शहाजी महाराज हे मूळचे देवासच्या थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव, म्हणजे याच तुकोजीरावांचे पुत्र. पित्याच्या राज्यात नव्या वस्तू गोदामात तडकल्या. पुत्र ज्या घराण्यात गेला तेथे परदेशी मोटार आजवर चालती राहिली. दोन्ही वस्तू समुद्रावरून आल्या होत्या. फरक त्यांची रोज चौकशी करणारा कोणी होता की नव्हता, एवढ्यात आहे.

धार जिल्ह्याचे आजचे चित्र पाहिले म्हणजे समाधान वाटते. ज्या धारला मोटारीच्या एका सुट्या भागासाठी समुद्राकडे डोळे लावावे लागत, त्याच जिल्ह्यातील पीथमपुरात पुण्याच्या बजाज टेम्पोसह अनेकांनी वाहनांचे कारखाने काढले. तेथील वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटर लांबीच्या वेगमार्गाचे उद्घाटन जून 2021 मध्ये झाले. आता माल उलट दिशेने, माळव्यातून बंदराकडे जातो. त्या मालाच्या दुसऱ्या टोकालाही कोणी तरी खोके उघडण्याची वाट पाहत असणार. आपल्या पूर्वजांनी जे सोसले ते त्याला सोसावे लागू नये, यासाठी फार मोठ्या विद्येची गरज नाही. प्रत्येक हातबदलाच्या ठिकाणी वस्तू उघडून पाहावी, जे दिसले ते लिहावे, आणि लिहिलेल्याखाली कोणाची तरी सही असावी. संस्थानी दप्तरांत दानपत्रांवरच्या सह्या आपण आवडीने वाचतो. मालाच्या पावत्यांवरच्या सह्याही इतिहासाच्या अभ्यासकांनी आता शोधाव्यात, अशी आमची त्यांना विनंती आहे.